काशीत सोडलेली खीर

आणि वर मलाच म्हणते, "तुमच्यामुळं झालं!" माझ्यामुळं! तुम्हाला सांगतो, आमच्या रंभेनं... बायको हो माझी, रंभा नाव आहे तिचं, हसू नका... तिनं आज सकाळी ही पिशवी माझ्या सायकलच्या हँडलला अडकवली, हात जोडले आणि सांगितलं, "ही परत घरात आणायची नाही." काय आहे पिशवीत? काकड्या! दोन शेर काकड्या! चोरीचा माल नाही, नासका नाही, कोवळ्या लुसलुशीत काकड्या आणि माझ्याच घरात त्यांना बंदी! घ्या हो, तुम्ही घ्या, ज्योतीराम तुम्ही दोन घ्या, लाजता काय, भोंगा व्हायला अजून वीस मिनिटं आहेत, तोवर काकड्या संपवा आणि माझं गाऱ्हाणं ऐका. खाताय फुकट, तर ऐकायला काय जातंय?

मूळ तक्रार काकडीची नाहीच मुळी. मूळ तक्रार खिरीची. आणि खीर म्हटल्याबरोबर तुमच्या डोळ्यांपुढं काय आलं ते मला ठाऊक आहे... शेवयांची! लग्नात पंगतीला वाढतात, वाढली की पानात पळत सुटते, बोटानं अडवेपर्यंत शेजाऱ्याच्या भाताला जाऊन मिळते. ती नव्हे! ती खीर नव्हे हो, ते गोड पाणी. मी सांगतोय ती खपली गव्हाची, करडईच्या दुधातली खीर. बघा, बघा, कंपनीतली माणसं कशी बघतायत! करडई म्हणजे तेल, एवढंच तुम्हाला माहीत. अहो, करडई भिजवायची, पाट्यावर वाटायची, पाणी घालून फडक्यातनं पिळायची, की दूध येतं. पांढरंशुभ्र! आणि वास असा खमंग की गोठ्यातली म्हैस मान वळवून बघायची, हे दूध काढलं कुणाचं म्हणून!

ही खीर करायची आमची आई. शालनबाई म्हणून आमच्या मोशी गावात कुणालाही विचारा. नाही, आता विचारू नका, लोकांच्या जखमेवरची खपली निघते... पण पूर्वी, मी एवढासा होतो तेव्हा, नागपंचमी आली की अख्खी आळी आमच्या चुलीकडं नाक करून बसायची. पंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही, मग करायचं काय? खीर! आदल्या दिवशी आई खपली ओलवून उखळात सडायची, कोंडा पाखडायची, आणि पंचमीला सकाळी एकदा ती डेचकी चुलीवर चढली की आईनं चुलीकडं कान केलाच. डोळा नव्हे हां, कान! अशी मान वाकडी करून, पळी हातात धरून ऐकत बसायची. मी विचारायचो, "आई, काय ऐकतीस?" तर म्हणायची, "गप, ती बोलतीया." कोण बोलतीया? खीर! काय बोलायची, कुणाला बोलायची, मला काही ऐकू आलं नाही कधी, पण मध्येच आई एकदम उठायची, गूळ टाकायची, सुंठ टाकायची, डेचकी उतरवायची... आणि मग, राव... काय सांगू... वाटीत पळी उभी राहायची. पळी उभी! हात सोडला तरी!

आम्ही सगळे ओरपायचो, वडील, आमचे आबा, तर ताटलीच तोंडाला लावायचे, आणि सगळ्यांचं झालं की आई डेचकी घेऊन परड्यात जायची एकटी. का? डेचकीच्या बुडाला धरलेली खरवड! ती मात्र तिची. त्यात वाटा नाही. मी पदर धरून मागं मागं गेलो तर एक बोट चाटवायची, एकच, आणि म्हणायची, "पुरं! ह्ये माझं हाय." सगळ्या घराला घालून झाल्यावर जगात तेवढी एकच गोष्ट ती स्वतःची म्हणायची.

तर अशी ती खीर. कुठं गेली? बंद पडली! आठ वर्षं झाली, आठ! दुकान बंद पडतं, गाडी बंद पडते, आमच्याकडं खीर बंद पडली. आणि कशापायी? काशीपायी!

पन्नास साली, आबा गेले त्याच्या पुढल्या वर्षी, गावातली अकरा माणसं काशीला निघाली. पुढारी कोण, तर आमच्या शेजारचे सोपानराव. पुढारी का, तर त्यांना हिंदी येतं. येतं म्हणजे काय, तर ते मराठी बोलतात आणि शेवटी 'है' लावतात. आईला मीच पाठवली. म्हटलं, जा, गंगेत न्हाऊन ये, मन जरा थाऱ्यावर येईल. मला काय माहीत ती माझी खीर बुडवून येणार आहे!

आता काशीला गेलं की आवडीचं काहीतरी सोडायचं असतं, हे तुम्हाला माहीतच आहे. आणि लोक काय सोडतात तेही माहीत आहे. सोपानरावांनी काय सोडलं? फणस! मोशीत फणस! अहो, आमच्या इंद्रायणीच्या काठावर फणसाचं एक झाड दाखवा मला! सोपानरावांनी जन्मात फणस आतून पाहिलेला नाही, आणि गावभर सांगत फिरतात, "फणस सोडला, फार जिवावर आलं." त्यांच्या बायकोनं, छबूबाईंनी काय सोडलं? राग! बरं का, राग सोडला. परत आल्या त्या दिवशी सोपानरावांच्या दिशेनं तांब्या फेकला. आम्ही म्हटलं, छबूबाई, राग सोडला होता ना? तर म्हणतात, "मी कुटं रागावले? म्या शांतपणी फेकला." अशी सगळी शहाणी माणसं! आणि आमची आई काय करते?

उंबऱ्यात गाठोडं ठेवलं, पाय धुतले नाहीत, पाणी प्यायली नाही, आणि म्हणाली, "बबन, म्या खीर सोडली."

मी म्हटलं, "कुठं सोडलीस? गाडीत?"

"कासीत सोडली! घाटावर पंड्या म्हनला, माई, काय तरी सोड. म्या म्हनलं, काय सोडू बाबा, माज्याजवळ हाय काय? तर त्यानं डोळं मिटलं. मिटलं बबन! अन् डोळं मिटून म्हनला, 'खीरा छोड दो, माई, खीरा!' माज्या तर अंगावर काटाच आला. आरं, कासीतल्या पंड्याला मोशीच्या शालनची खीर कुनी सांगितली? आं? द्येवानंच की! सगळं सोडून नेमकी माजी खीरच मागितली त्यानं. मग म्या न्हाई कशी म्हनू?"

आता तुम्ही विचाराल, पंड्या 'खीरा' का म्हणाला? मीही विचारलं! सोपानराव होते ना तिथं हिंदी जाणणारे. त्यांनी पान लावता लावता समजावलं. "अरे बबन, हिंदीत प्रत्येकाच्या शेवटी काना है. आपलं केळं, त्यांचं केला. आपलं कारलं, त्यांचं करेला. तशी आपली खीर, त्यांचा खीरा है!" पटलं! मला पटलं, आईला पटलं, सगळ्या मोशीला पटलं. केळं-केला, कारलं-करेला, खीर-खीरा. यात न पटण्यासारखं आहे काय? तुम्हीच सांगा! ज्योतीराम, तुम्ही का हसताय? तुम्हाला हिंदी येतं वाटतं. गप्प बसा मग, बाकीच्यांना कळू द्या.

म्हटलं, जाऊ दे, आईनं खायची सोडली, आपण खाऊ. पंचमी आली. मी खपली आणली, करडई आणली, आईपुढं ठेवली. तर म्हणते, "म्या न्हाई हात लावायची." अगं, खाऊ नकोस, पण करायला काय हरकत आहे? "करायची अन् चाखायची न्हाई? गोडी काय डोळ्यानं कळती व्हय रं? अन् चाखता चाखता जीभ सुटली म्हंजी? सोडलं म्हंजी सोडलं!"

मी आळंदीच्या एका गुरुजींना गाठलं. ते म्हणाले, खायला बंदी, करायला शास्त्राची काही हरकत नाही. धावत आलो, आईला सांगितलं. आईनं विचारलं, "त्या गुरुजीनं कासीला काय सोडलं?" मी परत सायकल हाणत आळंदीला! गुरुजी म्हणाले, "मी अजून काशीला गेलो नाही." आई म्हणाली, "मग त्याला काय कळतंय? सोडलं म्हंजी सोडलं!"

मग आमच्या रंभेनं कंबर कसली. म्हणाली, मी करते. आता तिचं माहेर माणचं, तिच्या माहेरी शेवयांची करतात, पण बाई जिद्दीची. पहिल्या वर्षी दूध फाटलं. खीर कसली, चुन्यात खडी टाकल्यासारखं काहीतरी झालं. दुसऱ्या वर्षी इतकी घट्ट झाली की पळी उभी राहिली खरी, पण परत निघेना! डेचकीसकट कल्हईवाल्याकडं गेली. आणि आई तिथंच बसलेली, दोन हातांवर, पण तोंडातून शब्द नाही. तोंडानं सांगणंसुद्धा त्यात आलं म्हणे! रंभा चुलीपाशी घामाघूम, पळी घेऊन आईकडं बघतेय, आणि आई भिंतीकडं बघतेय, जणू भिंतीवर काही लिहिलंय.

शेवटी रंभेनं आडून विचारायला सुरुवात केली. "आत्याबाई, समजा हां, एखादीनं गूळ आधीच टाकला तर?"

आई भिंतीला म्हणाली, "समजा त्या एखादीला अक्कल न्हाई."

रंभा आनंदानं ओरडली, "अहो, कळलं! गूळ नंतर!" आठ वर्षांत एवढी एक गोष्ट बाहेर आली, बघा! पुढल्या पंचमीला विचारलं, "आत्याबाई, समजा एखादीनं जाळ मोठा ठेवला?" तर आई उठून शेजारी गेली. तिला डाव कळला होता. सोडलं म्हंजी सोडलं!

आणि मी तुम्हाला खरं सांगतो, इथं कंपनीत मी स्टोअरमध्ये बाटल्या मोजतो, दिवसभर औषधाचा वास नाकात, आणि श्रावण लागला की त्या वासातही मला करडईच्या दुधाचा वास येतो. कुठं येणार? भास तो! पुण्याला गेलो, चार हॉटेलांत विचारलं, "खपलीची खीर आहे का?" एकानं भजी आणून ठेवली. आईचं वय झालं आता, सत्तरी उलटली, हात कापतात. मनात यायचं, हे हात आहेत तोवर आहे, पुढं मोशीत काय, कुठंच ही खीर व्हायची नाही. ती चुलीकडं कान करून काय ऐकायची ते मला शेवटपर्यंत कळायचं नाही. रडू यायचं हो. हसू नका, पस्तीस वर्षांच्या माणसाला खिरीसाठी रडू येतं, यात लाजायचं काय?

तर हे असं चाललेलं. आणि काल... काल, याच सुट्टीत... तुम्ही लोक कँटीनला होता, मी तिकडं स्टोअरच्या दारात भाकरी खात होतो. आणि गेटाबाहेरून हाक आली...

"खीराऽऽ! ताजा खीराऽऽ!"

माझा घास हातात राहिला. खीरा! पिंपरीत! दारावर! आठ वर्षं मी जिच्यासाठी आळंदी-पुणं पालथं घातलं ती स्वतः हाका मारत गेटाशी आली! मी भाकरी कागदात गुंडाळली, डबा नळावर धुतला, घासून घासून धुतला, आणि पळत सुटलो. पहारेकऱ्याला वाटलं, आत आग लागली.

बाहेर एक भय्या. डोक्यावर पाटी, पाटीवर ओलं फडकं. ओलं फडकं! मी म्हटलं, बरोबर, माश्या बसू नयेत म्हणून. डबा पुढं केला. "भय्या, एक डबा दो."

तो डब्याकडं बघतो. "डब्बा में कैसे आएगा, बाबूजी?"

"दाबून भरो!"

"दबाएगा तो टूट जाएगा."

मी मनात म्हटलं, वा! अशीच पाहिजे! घट्ट! "मीठा है क्या?"

"एकदम मीठा! कडवा निकला तो वापस."

कडू खीर? म्हटलं, असेल, करडई जुनी असली की येतो कडवटपणा. माणूस प्रामाणिक आहे. "गरम है?"

"गरम काहे को? ठंडा है! पेट को ठंडक देता है."

बरं, थंड तर थंड, आपण घरी तापवू. तेवढ्यात त्यानं कमरेचा चाकू काढला आणि विचारलं, "काट के दूँ? नमक लगा के?"

आता मात्र मी थबकलो. खीर कापून? मीठ लावून? "भय्या," म्हटलं, "वो फडका काढो." त्यानं फडकं काढलं.

काकड्या!

हिरव्यागार, एकीवर एक, नीट लावलेल्या काकड्या! मी म्हटलं, "ये तो काकडी है. खीरा किधर है?" त्यानं एक काकडी उचलली, माझ्या नाकापुढं धरली आणि अगदी हळू, लहान पोराला सांगावं तसं म्हणाला, "बाबूजी... यही... खीरा... है."

डबा हातातून सुटला, घरंगळत गटारापर्यंत गेला. केळं-केला, कारलं-करेला, काकडी-खीरा! मी विचारलं, "भय्या, तुम किधर के?" "बनारस के." "बनारसला लोग ये खीरा सोडते... छोडते है?" तर म्हणतो, "हाँ हाँ, हमारी नानी ने भी छोडा था. पंडा लोग यही बोलते हैं. खीरा छोड दो, करेला छोड दो... जो आसानी से छूट जाए."

जे सहज सुटेल ते! ऐकलंत? पंड्यानं सहज सुटेल ते सांगितलं होतं, बिचाऱ्याला वाटलं असेल, म्हातारी आहे, कशाला त्रास! आणि आमच्या आईनं जगात जे सुटण्यासारखं नव्हतं नेमकं ते सोडलं! डोळे मिटले म्हणे... अहो, धूर गेला असेल डोळ्यांत!

मग मला काय आनंद झाला! दोन शेर काकड्या घेतल्या, पुरावा म्हणून. शिफ्ट सुटली, सायकल काढली, भोसरीचा चढ न उतरता मारला, जन्मात पहिल्यांदा! परवा पंचमी! आईनं सोडली काकडी, खीर मोकळी! वाटेत सोपानराव दिसले, त्यांना सायकलवरूनच ओरडून सांगितलं, "खीरा म्हणजे काकडी!" तर ते पान थुंकून म्हणाले, "मग मी काय म्हणत होतो? शेवटी काना है ना?" घ्या! या माणसाला कधी हरवता येत नाही.

घरी आलो. आई परड्यात बसलेली, आमच्या काकडीच्या वेलाखाली. तीन वेल आहेत, मांडवावर चढवलेले, आणि श्रावणात रंभेची दह्यातली कोशिंबीर रोज पानात. आई मला बघून हसली. दात नाहीत, पण हसली की अजून तीच. म्हणाली, "पंचमी आली न्हवं? मला बाई दर पंचमीला त्यो पंड्या आठवतो. डोळं मिटलं त्यानं... अन् नेमकी माजी खीर! इतक्या लांबचा द्येव, पन त्याला ठावं हुतं बघ, शालन काय रांधती."

मी उभा राहिलो. पिशवी पाठीमागं धरली. कारण, राव, मला एकदम दिसलं की हिच्याजवळ दुसरं आहे काय? आबा गेले, दात गेले, डोळे चालले. एवढी एक गोष्ट आहे, की काशीच्या देवाला हिची खीर माहीत आहे. आणि मी ती काढून घ्यायला आलोय, तीही काकडी दाखवून! मला माझी लाज वाटली. खरंच वाटली. म्हटलं, बबन्या, पिशवी आत ठेव, गुपचूप कोशिंबीर खा आणि झोप.

पण जीभ! ही मेली जीभ! आठ वर्षांची उपाशी! तिनं मला विचारलंच नाही, भडाभडा सगळं सांगून मोकळी! भय्या, डबा, फडकं, बनारसची नानी, सगळं!

आईनं हात पुढं केला. पिशवीतून एक काकडी घेतली, इकडून तिकडून फिरवून बघितली. "ह्ये?"

"हो."

"ह्याला खीरा म्हनत्यात?"

"हो, आई."

काकडी मांडीवर ठेवली. रंभा दारात येऊन उभी, पदर तोंडाला. वाटलं, रडेल आता. आणि आई म्हणाली, "मग मला खीर कशी ऐकू आली?"

"अगं, शब्द सारखाच..."

"पंड्या बोलला काकडी. मला ऐकू आली खीर. सोपान तितंच हुता, त्याला तर हिंदी येतं, त्याला बी खीरच ऐकू आली. अकरा मानसांत एकालाबी काकडी ऐकू आली न्हाई! कुनी ऐकवली मग खीर? आं? पंड्याला काय ठावं? त्यो बिचारा काकडीच सांगत हुता. ज्याला माजी खीर ठावी हुती, त्यानं माज्या कानात सांगितली!"

बोला! आहे कुणाजवळ उत्तर? मी सातवी पास माणूस, कंपनीत बाटल्यांचा हिशेब चुकू देत नाही, आणि आईनं माझाच हिशेब चुकवला! उलट मनातून इतकं बरं वाटलं! चमत्कार गेला नाही, वाढला! आधी खीर नुसती पंड्याला ठाऊक होती, आता देव थेट तिच्याच कानात बोलला! मी म्हटलं, चला, देव सुटला. आणि लगेच पुढचं मनात आलं, तोंडाला पाणी सुटलं, "मग आई... परवा पंचमीला..."

पण आईचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. ती वेलाकडं बघत होती. मांडवावर एवढ्या काकड्या लोंबतायत, आणि तिचा चेहरा हळूहळू पांढरा पडायला लागला.

"बबन... पंड्यानं पानी सोडलं तवा काकडीच म्हनला आसंल न्हवं?"

"हो, पण..."

"म्हंजी गंगेला सांगितलं काकडी. अन् म्या आठ वर्सं काकडी खाल्ली! कोशिंबीर खाल्ली रं! दह्यातली!"

"अगं, चुकून खाल्लीस, माहीत नव्हतं तुला..."

"आता म्हाईत झालं न्हवं? कुनी सांगितलं?"

मी! मी सांगितलं!

उठली. गुडघ्यावर हात टेकून उठली, आणि तुम्हाला सांगतो, काशीच्या घाटावरसुद्धा असा आवाज लावला नसेल. "द्येवानं मागितली ती खीर. पंड्यानं सोडवली ती काकडी. दोगांतल्या कुनाचाबी शबुद खाली पडाया नको. रंभे, आजपासनं घरात काकडी न्हाई. खीर बी न्हाई. दोनी सोडलं. सोडलं म्हंजी सोडलं!"

आणि मग मांडवावरच्या सगळ्या काकड्या उतरवून सोपानरावांच्या घरी! वरून त्यांना ताकीद, यापुढं वेल तुमचे, येऊन तोडून न्या, आमच्या दारात काकडी चिरायची नाही. काल तिन्हीसांजेला सोपानरावांच्या घरातून कोशिंबिरीवरच्या फोडणीचा वास आला. हिंग, मोहरी, हिरवी मिरची... ज्यांनी फणस सोडला ते काकडी खातायत, आणि आम्ही इकडं सुक्या भाकरीशी चटणी. रंभा म्हणाली, "खीर तर तुम्हाला मिळाली नाहीच, माझी कोशिंबीरही घालवलीत. तुमच्यामुळं झालं!" आणि मला बोलायला तोंड आहे का? माझ्यामुळंच झालं!

तेव्हा खा, बाबांनो, खा, माझ्या घरी चालत नाहीत. ज्योतीराम, अजून एक घ्या. आणि गंमत सांगू? ऐका... ऐकलंत का, गेटाशी तो आला बघा... "खीराऽऽ! ताजा खीराऽऽ!" आता मला अर्थ माहीत आहे, काल दोन शेर अर्थ विकत घेतलाय मी, तरी तो ओरडला की मला खीरच ऐकू येते. अजून येते! कोण ऐकवतं कोण जाणे...

असो. मीठ आहे का कुणाकडं?